स्वतःची वेस असलेले गाव : ईटनव्हिल आणि झोरा नील हर्स्टन यांचे लेखन

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा मराठीतील परिचय प्रामुख्याने दलित साहित्याच्या चळवळीच्या अनुषंगाने झाला. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्या तेथील लोकांना अर्पण केला, तेव्हापासून या दोन समाजांतील दुःखाचे साम्य मराठी विचारविश्वात गृहीत धरले गेले आहे. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तर आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतले. जनार्दन वाघमारे यांच्या 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' या ग्रंथाने हा परिचय अभ्यासाच्या पातळीवर नेला. मात्र या साऱ्या परिचयाचा केंद्रबिंदू रिचर्ड राइट यांच्या धर्तीचे विद्रोही लेखन हा राहिला. शोषक आणि शोषित समोरासमोर उभे आहेत, आणि लेखनाची सारी ऊर्जा त्या संघर्षातून येते, असे त्या लेखनाचे स्वरूप आहे. ज्या लेखनात शोषक जवळजवळ दिसतच नाही, त्या लेखनाकडे कसे पाहावे, हा प्रश्न त्यामुळे मागे राहिला. झोरा नील हर्स्टन (१८९१–१९६०) यांचे लेखन हा प्रश्न तीव्रपणे उभा करते. आणि त्याचे उत्तर त्यांच्या शैलीत शोधण्यापूर्वी एका गावाच्या सनदेत शोधावे लागते. ते गाव म्हणजे फ्लॉरिडा राज्यातील ईटनव्हिल.

यादवी युद्धानंतरची पुनर्रचना १८७७ मध्ये संपुष्टात आली. दक्षिणेतून संघराज्याचे सैन्य मागे घेण्यात आले आणि नव्याने मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना मिळालेले नागरी हक्क एकेक करून काढून घेण्यास प्रारंभ झाला. फ्लॉरिडात रेल्वेच्या डब्यांत गोरे व काळे यांची सक्तीने विभागणी करणारा कायदा १८८७ मध्ये झाला, तर १८८९ च्या मतदान-कराने गरिबांच्या, म्हणजे प्रामुख्याने काळ्यांच्या, मताधिकाराची वाट अडवली. याच काळात ऑरेंज काउंटीत संत्र्यांच्या बागा, रेल्वे आणि हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या श्रीमंतांची घरे यांमुळे मजुरांना मोठी मागणी निर्माण झाली होती. जंगल तोडणारे, घरे बांधणारे, बागा राखणारे हात काळे होते. पण त्या हातांना जमीन विकावयास गोरे मालक तयार नव्हते. जो क्लार्क या कृष्णवर्णीय गृहस्थाने अनेक प्रयत्न करून अखेर जोसाया ईटन आणि लुइस लॉरेन्स या दोन गोऱ्या जमीनमालकांकडून मेटलँड गावालगतची जमीन मिळवली. १५ ऑगस्ट १८८७ रोजी सत्तावीस मतदारांनी एकत्र येऊन ईटनव्हिल या स्वतंत्र नगराची रीतसर स्थापना केली. भारतीय वाचकाला ही तारीख चमकावून जाईल, परंतु हा निव्वळ योगायोग आहे. कोलंबस बोगर हे पहिले नगराध्यक्ष झाले. जो क्लार्क यांनीही पुढे ते पद भूषविले.

संपूर्ण कृष्णवर्णीय लोकवस्तीचे, स्वतःची सनद असलेले जे अगदी आरंभीचे नगर अमेरिकेत स्थापन झाले, त्यांत ईटनव्हिलची गणना होते. येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. दक्षिणेतील जवळजवळ प्रत्येक गावाला काळ्यांची वस्ती होती. ती रेल्वेच्या रुळांपलीकडे, ओढ्यापलीकडे, सखल जागी असे आणि तिचा कारभार गोऱ्यांच्या गावाकडे असे. मराठी वाचकाला हे चित्र सांगावे लागत नाही. गावकुसाबाहेरचा महारवाडा गावाचाच भाग असतो; पण गावाच्या निर्णयात त्याला जागा नसते, आणि येसकरापासून तराळापर्यंतची गावकीची कामे मात्र त्याच्या वाट्याला असतात. ईटनव्हिल हे अशा अर्थाने 'वाडा' नव्हते. त्याला स्वतःची वेस होती. नगराध्यक्ष, पंचमंडळ, गावचा मार्शल, चर्च, शाळा हे सारे त्याचे स्वतःचे होते. आपल्या गावात घर घेऊन वंशाचा प्रश्न सोडवा, असे आवाहन देशभरातील कृष्णवर्णीयांना उद्देशून तेथील वृत्तपत्राने १८८९ मध्ये केले होते. त्या आवाहनातील आत्मविश्वास आज काहीसा भाबडा वाटतो. पण १८८९ च्या फ्लॉरिडात तो भाबडा नव्हता, धाडसी होता.

किती धाडसी, हे समजण्यासाठी त्याच काउंटीतील ओकोई या गावाचे उदाहरण पुरेसे आहे. २ नोव्हेंबर १९२० रोजी, अध्यक्षीय निवडणुकीच्या दिवशी, तेथील कृष्णवर्णीयांनी मतदान करण्याचा प्रयत्न केला. त्याचा सूड म्हणून गोऱ्या जमावाने त्यांची घरे, चर्च जाळली. अनेकांना ठार मारले. ज्युलाय पेरी या प्रतिष्ठित शेतकऱ्याला ऑरलँडोत फासावर लटकवले. उरलेल्यांना परागंदा व्हावे लागले आणि पुढील अर्धशतकभर त्या गावात काळी वस्ती राहिली नाही. एकाच काउंटीत, काही मैलांच्या अंतरावर, एका गावात काळा माणूस नगराध्यक्ष निवडत होता आणि दुसऱ्या गावात मत देऊ पाहण्याबद्दल जिवाला मुकत होता. हर्स्टन यांना ही घटना अपरिचित नव्हती. १९३९ मध्ये संघराज्याच्या लेखक-प्रकल्पासाठी काम करीत असताना त्यांनी ओकोईचा वृत्तान्त लिहिला आहे. त्यांच्या कथात्मक लेखनात गोऱ्यांचा हिंसाचार ठळकपणे दिसत नाही याचे कारण अज्ञान हे खासच नाही, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे.

हर्स्टन यांचा जन्म अलाबामा राज्यातील नोटासल्गा येथे झाला. त्या तान्ह्या वयात असताना कुटुंब ईटनव्हिलला आले. पुढे त्या आपले जन्मगाव म्हणून ईटनव्हिलचेच नाव सांगत आणि जन्मसालही दहा वर्षे पुढचे सांगत. चरित्रकारांना या दोन्ही गोष्टींचा बराच उलगडा करावा लागला. पण जन्मगावाविषयीच्या असत्यात एक प्रकारचे वाङ्मयीन सत्य आहे. त्यांचे वडील जॉन हर्स्टन हे सुतार, बाप्टिस्ट धर्मोपदेशक आणि तीन वेळा ईटनव्हिलचे नगराध्यक्ष होते. ज्या मुलीने गावचा कायदा करणारा माणूस स्वतःच्या घरात जेवताना पाहिला, तिच्या मनात सत्ता आणि गोरा रंग यांचे समीकरण उपजत असणे शक्य नव्हते. १९०४ मध्ये आई वारली, आणि मुलीला शिक्षणासाठी जॅक्सनव्हिल या शहरात पाठविण्यात आले. आपण 'काळ्या' आहोत हे आपल्याला तेथे, वयाच्या तेराव्या वर्षी कळले, असे त्यांनी १९२८ च्या एका प्रसिद्ध निबंधात सांगितले आहे. या विधानाला त्यांच्या साऱ्या लेखनाच्या संदर्भात सूत्राचे मोल आहे. वर्ण ही त्यांच्या लेखी शरीराची अवस्था नाही. ती एका विशिष्ट ठिकाणी, एका विशिष्ट दिवशी, दुसऱ्याच्या नजरेतून अंगावर येणारी गोष्ट आहे. गावाची वेस ओलांडली की ती येते. दया पवारांच्या 'बलुतं'पासून (१९७८) पुढच्या अनेक मराठी आत्मकथनांतील बालपणाशी हे ताडून पाहिले, तर फरक तत्काळ जाणवतो. तेथे ही जाणीव शाळेच्या पायरीवर, पाणवठ्यावर, गावच्या रस्त्यावर अगदी कोवळ्या वयात येते. कारण ती वस्ती आणि गाव यांच्यामध्ये वेस असली तरी तिची किल्ली वस्तीच्या हातात नसते.

हर्स्टन न्यूयॉर्कला गेल्या, बर्नार्ड महाविद्यालयात शिकल्या आणि मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांच्या मार्गदर्शनाखाली लोकसाहित्याच्या संकलनास लागल्या. (बोआस यांचे शिष्य अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्याच कोलंबिया विद्यापीठातील वर्गात १९१६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भारतातील जातिसंस्थेवरचा आपला पहिला महत्त्वाचा निबंध वाचला होता. या दोन अभ्यासकांची एकमेकांशी ओळख असल्याचे दिसत नाही. पण दोघांनाही वंशश्रेष्ठत्वाचा सिद्धान्त नाकारणारी एकच अभ्यासपरंपरा जवळून भेटली, हे नोंदण्याजोगे आहे.) १९२७ मध्ये त्या प्रथम क्षेत्रीय अभ्यासासाठी फ्लॉरिडात परतल्या, तेव्हा हाती फारसे काही लागले नाही. महाविद्यालयात कमावलेल्या सुबक उच्चारांत आपण लोकांना गाणी आणि कथा विचारीत होतो, आणि लोक नाही म्हणत होते, अशी त्याची कारणमीमांसा त्यांनी आत्मचरित्रात मिस्किलपणे केली आहे. क्षेत्रीय अभ्यास करणाऱ्या आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनाही हा अनुभव नवा नसेल.

पुढील वर्षांतील संकलनातून 'म्यूल्स अँड मेन' (१९३५) हा ग्रंथ सिद्ध झाला. त्याची सुरुवात ईटनव्हिलच्या वेशीवर होते आणि लगेचच जो क्लार्कच्या दुकानाच्या ओट्यावर येऊन थांबते. ओट्यावर माणसे पत्ते कुटत बसली आहेत. निवेदिका मोटार थांबवते, ओळख देते आणि जुन्या कथा गोळा करावयास आल्याचे सांगते. त्या कथांना गावाचा शब्द आहे 'थापा'. कोणी नवी लोणकढी थाप मारली की दुसरा तिच्यावर वरताण करतो, असा हा खेळ चालतो. गुलाम आणि मालक, देव आणि सैतान, ससा आणि अस्वल, बाप्टिस्ट आणि मेथडिस्ट हे या थापांचे विषय. गोरा मालक येथे आहे. पण तो कथेतला मालक आहे, बहुधा चतुर गुलामाकडून फसविला जाणारा. ओट्यावर तो प्रत्यक्ष हजर नाही. म्हणून त्याच्यावर हसणे शक्य होते आणि ते हसणे जपून, दबक्या आवाजात करावे लागत नाही.

ओट्याचे हे स्वातंत्र्य गावाच्या सनदेतून आले आहे, याची साक्ष त्याच ग्रंथात मिळते. ईटनव्हिलनंतर निवेदिका पोक काउंटीतील लाकूडकापणीच्या छावणीवर जाते. तेथील मजूरही काळेच आहेत, तेही कथा सांगण्यात वाकबगार आहेत. पण तेथे प्रथम कोणी तोंड उघडत नाही. तिची चकचकीत मोटार आणि मोठ्या दुकानातून घेतलेला झगा पाहून ही सरकारची हेर असावी असा त्यांना संशय येतो. आपण चोरटी दारू विकणारी, पोलिसांपासून पळालेली बाई आहोत, अशी बतावणी केल्यावरच ते मोकळे होतात. छावणी कंपनीची आहे, मुकादम गोरा आहे, आणि येणारे परके पाऊल कोणाचे असेल याचा नेम नाही. एकाच वंशाची, एकाच बोलीची, एकाच कथापरंपरेची ही दोन ठिकाणे; त्यांपैकी एका ठिकाणी कथा आपण होऊन बाहेर येते आणि दुसऱ्या ठिकाणी तिच्यासाठी खोटे नाव घ्यावे लागते. लोकसाहित्याच्या अभ्यासात कथनप्रसंगाचा विचार होतो. परंतु त्या प्रसंगाखालची जमीन कोणाच्या मालकीची आहे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो विचारला पाहिजे, हे या ग्रंथाच्या दोन भूभागांची तुलना केली असता पटते.

येथवरचे विवेचन वाचून ईटनव्हिल हे एखादे निर्वेध नंदनवन होते असा समज होण्याची शक्यता आहे. हर्स्टन यांच्यावर तशी टीकाही झाली. वस्तुस्थिती अशी की त्यांच्या कथांत गोरे जग दिसते ते माणसांच्या रूपाने नव्हे, वस्तूंच्या आणि पैशाच्या रूपाने. 'स्वेट' (१९२६) या कथेची नायिका डीलिया पंधरा वर्षे विंटर पार्कमधील गोऱ्यांचे कपडे धूत आहे. शनिवारी धुतलेले कपडे गाडीत घालून न्यावयाचे आणि मळके आणावयाचे, हा तिचा क्रम. स्वयंपाकघरात पडलेले ते पांढऱ्या कपड्यांचे ढीग म्हणजे वेशीच्या आत शिरलेली वर्णव्यवस्था होय. नवरा साइक्स हे ढीग लाथाडतो. गोऱ्यांचे कपडे आपल्या घरात नकोत म्हणतो. पण घर उभे राहिले आहे ते त्याच कपड्यांच्या मजुरीवर, आणि तिच्या मजुरीचे पैसे दुसऱ्या बाईवर उडवणाराही तोच आहे. त्याच्या स्वाभिमानाच्या भाषेतील पोकळपणा कथा एकही भाष्य न करता उघड करते. 'द गिल्डेड सिक्स-बिट्स' (१९३३) मध्ये साऱ्या वस्तीची रोजीरोटी खताच्या कारखान्यातील पगारावर अवलंबून आहे. जो आणि मिसी मे या तरुण जोडप्याच्या संसारात विश्वासघात होतो, दीर्घ काळ अबोला जातो आणि अखेर समेट होतो. शेवटी जो ऑरलँडोतील दुकानात जाऊन बायकोसाठी खाऊ विकत घेतो, आणि तो गेल्यावर गोरा विक्रेता दुसऱ्या गिऱ्हाइकाला म्हणतो की, हे काळे लोक बरे, सदा हसत असतात, त्यांना कशाचीच चिंता नाही. संपूर्ण कथेत गोऱ्या माणसाला मिळालेली ही एवढीच जागा. परंतु त्या एका उद्गाराने आतापर्यंत वाचकाने पाहिलेल्या दुःखाची आणि गोऱ्या नजरेच्या अंधत्वाची मोजदाद एकदम होते. याला संघर्ष टाळणारे लेखन म्हणणे, हे लेखन नीट न वाचल्याचे लक्षण आहे.

'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' (१९३७) ही कादंबरी या विचाराला आणखी एक, अधिक कठोर वळण देते. नायिका जेनी हिचा दुसरा नवरा जो स्टार्क्स पैसा गाठीला बांधून ईटनव्हिलला येतो. गावाला नगराध्यक्ष नाही हे पाहून तो चकित होतो. (इतिहासातील क्रम कादंबरीने अर्थातच बदलला आहे.) तो जमीन घेतो, दुकान काढतो, रस्त्यावर दिवा लावतो, नगराध्यक्ष होतो. मग स्वतःसाठी दुमजली घर बांधतो आणि त्याला झगझगीत पांढरा रंग देतो. त्या घरापुढे बाकीचे गाव एकाएकी नोकरांच्या खोल्यांसारखे दिसू लागते. हे घर म्हणजे दक्षिणेतील मळेवाल्याच्या हवेलीची प्रतिकृती आहे, हे अमेरिकन वाचकाला सांगावे लागत नाही. मराठी वाचकाला ते पाटलाच्या वाड्यावरून उमगेल. गोरा मालक वेशीबाहेर ठेवला, तरी मालकीची कल्पना गावात राहावयास आली. गावकरी कुरकुरतात, पण त्या कुरकुरीत कौतुकही मिसळलेले आहे.

ही मालकी सर्वांत जास्त जाचते ती जेनीला. दुकानाच्या ओट्यावर रोज गप्पांचा फड रंगतो. मॅट बॉनर याच्या हडकुळ्या खेचराविषयी एकापेक्षा एक सरस थापा मारल्या जातात. जेनीला त्या येतात, तिच्या मनात नव्या सुचतातही. पण नगराध्यक्षाच्या बायकोने त्या बैठकीत बोलावयाचे नाही, असा दंडक आहे. केस फडक्यात बांधून ठेवावयाचे, गल्ल्यावर बसावयाचे. स्टार्क्स ते खेचर विकत घेऊन मोकळे सोडतो, तेव्हा जेनी भर लोकांत त्याची वाखाणणी करते आणि सारे तिच्या वक्तृत्वाने थक्क होतात. पण खेचर मेल्यावर गावाने थाटामाटात काढलेल्या त्याच्या लुटुपुटीच्या अंत्ययात्रेला जावयास तिला परवानगी नाही. कादंबरीच्या आरंभी तिच्या आजीने काळ्या स्त्रीचे जिणे ओझ्याच्या खेचराच्या जिण्याशी जोडलेले असते. त्यामुळे खेचराची मुक्तता आणि जेनीचे मौन ही एकमेकांवर उजेड टाकणारी चित्रे ठरतात. 'म्यूल्स अँड मेन'मध्ये ज्या ओट्याचे वर्णन गावाच्या स्वातंत्र्याची खूण म्हणून येते, त्याच ओट्यावर कोणाला बोलता येत नाही, हे दोनच वर्षांनी आलेली कादंबरी दाखवते. 'स्वेट'मध्येही ओट्यावरच्या पुरुषांना डीलियाला होणारी मारहाण ठाऊक असते, तिची कणव येते, आणि कोणीही जागचा उठत नाही. लोकसंस्कृतीच्या गौरवाबद्दल हर्स्टन ओळखल्या जातात. त्या गौरवात ही टीका किती खोलवर मिसळलेली आहे, याची दखल तुलनेने कमी घेतली गेली.

कादंबरीच्या रचनेतही हा विचार आहे. जेनी आपली सारी कहाणी सांगते ती परसदारच्या पायरीवर, सांजवेळी, फीबी या एकाच मैत्रिणीला. दर्शनी भागातील ओट्यावर बसलेले गाव तिच्याविषयी तर्क लढवीत असते. पुरुषांचा सार्वजनिक ओटा आणि स्त्रियांचे परसदार या दोन कथनस्थळांपैकी कादंबरी दुसरे निवडते. निवेदनाची भाषाही याला अनुसरून चालते. आरंभी निवेदन प्रमाण इंग्रजीत आणि संवाद बोलीत, असा परिचित विभाग दिसतो. हळूहळू निवेदनाच्या वाक्यांत बोलीची लय, तिच्या प्रतिमा, तिचे शब्द शिरत जातात आणि कोणते वाक्य निवेदकाचे व कोणते जेनीचे हे सांगणे अवघड होते. हेन्री लुइस गेट्स यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात या तंत्राचा विस्ताराने विचार केला आहे. ग्रामीण आणि दलित मराठी कथेत संवाद बोलीत व निवेदन प्रमाणभाषेत ही विभागणी दीर्घ काळ टिकून होती. तिच्या मागे केवळ सोयीचा विचार नव्हता. बोली बोलणारा माणूस कथेत असतो आणि वाचणारा कथेबाहेर, ही धारणाही होती. ईटनव्हिलच्या लेखिकेला ही धारणा बांधून ठेवू शकली नाही.

उत्तरार्धात जेनी टी केक या तरुणाबरोबर गाव सोडून दक्षिणेकडील पाणथळ शेतांवर जाते आणि तेथे वर्णव्यवस्था उघड्या रूपात भेटते. वादळ व पूर येऊन गेल्यावर प्रेते पुरण्यासाठी टी केकला बंदुकीच्या धाकाने वेठीस धरले जाते. गोऱ्यांच्या प्रेतांना पेट्या आणि काळ्यांच्या प्रेतांवर चुना, म्हणून चिखलात माखलेल्या प्रेतांचा वर्ण निरखून पाहण्याची आज्ञा होते. या प्रसंगामागे १९२८ च्या ओकीचोबी सरोवराच्या महापुराची वस्तुस्थिती आहे. वेठ हा शब्द मराठी ग्रामजीवनाला परका नाही. येथे तो मृत्यूनंतरच्या विभागणीसाठी राबवला जातो, एवढाच फरक.

असे असूनही १९३७ मध्ये रिचर्ड राइट यांनी या कादंबरीवर कठोर टीका केली. तिला विषय नाही, संदेश नाही, गोऱ्या वाचकाला काळ्यांचे जे हसरे, साधेभोळे रूप पाहावयास आवडते तेच ती पुरवते, असा त्यांचा आशय होता. राइट मिसिसिपीत वाढले होते. तेथे गोऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरची रेष वाचता न येणे म्हणजे प्राणाशी गाठ होती. त्यांच्या जगात गोरा माणूस प्रत्येक दृश्यात उपस्थित असणे अपरिहार्य होते. हा वाद दोन वाङ्मयीन भूमिकांचा म्हणून शिकविला जातो. तो दोन भूगोलांचाही आहे. पण म्हणून राइट यांची शंका निकालात निघत नाही, याची आठवण पुढे खुद्द हर्स्टन यांनीच करून दिली.

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णाधारित पृथक्करण घटनाबाह्य ठरवले. ऑगस्ट १९५५ मध्ये ऑरलँडोच्या वृत्तपत्रात हर्स्टन यांचे पत्र प्रसिद्ध झाले. हा निर्णय आपल्या समाजाचा गौरव करणारा नसून त्याचा अपमान करणारा आहे, गोऱ्या मुलांशेजारी बसल्याखेरीज काळे मूल शिकू शकत नाही असे त्यात गृहीत धरले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या गावात काळ्या शिक्षकांनी चालवलेली शाळा होती, बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या टस्कीगी संस्थेच्या आदर्शावर उभारलेली हंगरफोर्ड शाळा, तेथील विद्यार्थिनीचे हे मत समजण्यासारखे आहे. परंतु दक्षिणेतील असंख्य काळ्या मुलांना हंगरफोर्ड मिळाली नव्हती. त्यांच्या वाट्याला गळके छप्पर, जुनी फाटकी पुस्तके आणि शेतीच्या हंगामात बंद होणारी शाळा आली होती. पृथक्करणाचे समर्थक त्या पत्रावर खूश झाले. लेखिकेचे सहकारी दुखावले. स्वेच्छेने बांधलेली वेस आणि सक्तीने घातलेले कुंपण यांतील भेद ज्या लेखिकेने कथांतून इतक्या बारकाईने दाखवला, तिला तो सार्वजनिक वादात राखता आला नाही, असेच म्हणावे लागते.

मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने हा भेद केवळ परदेशी वाङ्मयाचा नाही. जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत डॉ. आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांसाठी स्वतंत्र गावे वसविण्याची मागणी करणारा ठराव संमत झाला. १९४७ मध्ये त्यांनी संविधान सभेसाठी सिद्ध केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात या मागणीला घटनात्मक रूप दिले. त्यासाठी वसाहत-मंडळाची आणि पडीक सरकारी जमिनीची तरतूद सुचविली. खेड्यात अस्पृश्य हा अल्पसंख्य, भूमिहीन आणि पोटासाठी गावावर अवलंबून असतो. जोवर तो तसा राहील तोवर कायद्याने दिलेला हक्क त्याला बजावता येणार नाही, हे त्यामागचे विश्लेषण होते. या मागणीला अलगतावादाचे लेबल लावणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. अलगपणा आधीपासूनच होता. मागणी होती ती जमिनीची आणि निर्णयाच्या अधिकाराची. ती संविधानात आली नाही. परिणामी मराठी दलित साहित्यात ईटनव्हिल नाही. 'बलुतं'मध्ये महारवाड्यातील तक्क्या आहे, तेथे माणसे जमतात, बोलतात, हसतात. पण गावचा सांगावा कोणत्याही क्षणी त्या बैठकीत येऊन पडू शकतो. नकार आणि विद्रोह हे त्या साहित्याचे स्थायीभाव झाले, त्याचे एक कारण भूमीच्या या रचनेत आहे. ज्यांना वस्तीतील आंतरिक जीवनाचे, स्त्रियांच्या परसदारच्या भाषेचे लेखन आज अधिक हवेसे वाटते, त्यांनी पूर्वीच्या लेखकांना त्याचा अभाव दाखवताना ही रचना विचारात घ्यावी.

हर्स्टन २८ जानेवारी १९६० रोजी फ्लॉरिडातील फोर्ट पिअर्स येथे, सरकारी आश्रयगृहात, विपन्नावस्थेत वारल्या. काळ्यांसाठी राखलेल्या दफनभूमीतील त्यांच्या कबरीवर खूण नव्हती. ॲलिस वॉकर यांनी १९७३ मध्ये गवत तुडवीत ती जागा शोधली आणि शिळा बसवली. त्यानंतर हर्स्टन यांच्या पुस्तकांचे पुनर्वाचन सुरू झाले.

गावाची कहाणी मात्र कबरीपाशी थांबली नाही. ऑरलँडो वाढत ईटनव्हिलपर्यंत आले. १९६० च्या दशकात बांधलेला महामार्ग गावाच्या हद्दीतून गेला. १९८७ मध्ये, गावाच्या शताब्दीच्याच वर्षी, मुख्य रस्ता पाच पदरी करण्याची योजना काउंटीने पुढे आणली. तिला विरोध करताना गावकऱ्यांनी हर्स्टन यांच्या नावाचा आधार घेतला आणि १९९० पासून त्यांच्या नावाने वार्षिक महोत्सव भरविण्यास प्रारंभ केला. रस्त्याची ती योजना मागे पडली. १९९८ मध्ये गावाच्या ऐतिहासिक भागाची नोंद राष्ट्रीय सूचीत झाली. हंगरफोर्ड शाळेची जमीन १९५० च्या दशकाच्या आरंभी काउंटीच्या शिक्षण मंडळाकडे गेली होती. ती काळ्या मुलांच्या शिक्षणासाठीच वापरावी अशी अट होती. ती अट पुढे शिथिल होत गेली आणि शाळेची इमारतही राहिली नाही. २०२३ मध्ये ही जमीन खाजगी विकासकाला विकण्याचा व्यवहार गावकऱ्यांच्या तीव्र विरोधानंतर मोडला. २०२० च्या जनगणनेत अडीच हजारांहूनही कमी लोकसंख्या भरलेल्या या गावाच्या हद्दीतील सर्वांत मोठ्या मोकळ्या जमिनींपैकी ती एक आहे, आणि तिच्याविषयीचा निर्णय गावाच्या सभेत नव्हे, तर शिक्षण मंडळाच्या कार्यालयात व्हावयाचा होता.